कुर्लीवाली

आम्ही दोघी जावा हे पान लिहितो तेव्हा विषय बहुतेक वेळा चुलीजवळचा असतो; कधी मुलांच्या शाळेचा, कधी घरखर्चाचा. या महिन्याचा विषय आमच्या परसामागच्या चिखलातला आहे. चार हिवाळे झाले, आम्ही एका पाहुणीची वाट बघतो. यंदा ती येण्याआधीच आमच्या हातून एक चूक झाली होती आणि ती निस्तरण्यात अर्धा हिवाळा गेला. जसं घडलं तसं सांगतो.

ज्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी जागेची ओळख. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. घरामागे नारळांची एक रांग, मग जांभ्याचा गडगा आणि गडग्यापलीकडे खाडी. भरतीला पाणी गडग्याला लागतं. ओहोटीला तेच पाणी दूर सरकतं आणि मधे काळा, चकचकीत चिखल उघडा पडतो. डाव्या हाताला तिवरं आहेत. उजव्या हाताला पऱ्या खाडीला मिळतो, तिथे एक कोपरा तयार झालाय. पाऊस ओसरला की या चिखलावर पाहुणे मंडळी जमतात. इवलेसे तुतवार, धावत धावत थांबणारे चिखल्या, लांब लाल पायांचे शेकाटे. बगळे आणि खंड्या तर घरचेच.

चार वर्षांपूर्वी धाकटीचा मुलगा गडग्यावर बसून ओरडला, "अम्मी, हा पक्षी कुर्ली मागतोय!" आम्ही बघायला गेलो. कोंबडीएवढा मोठा, मातकट तपकिरी, अंगभर रेघा. पाय लांब, आणि चोच तर विचारू नका. विळ्यासारखी खाली वळलेली, वीतभर तरी असेल. मान वर करून तो खरंच हाक मारत होता, "कुर्लीऽ कुर्लीऽ". आमच्याकडे खेकड्याला कुर्ली म्हणतात. थोड्या वेळाने त्याने चोच बुडापर्यंत चिखलात घातली आणि एक कुर्ली बाहेर ओढली. चोचीत धरून झटके दिले, नांग्या-पाय गळून पडले आणि मधला भाग गट्ट केला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवसापासून त्याचं नाव कुर्लीवाला.

कॉलेजात शिकणारा आमचा एक भाचा सुट्टीत आला होता. त्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की इंग्रजीत याला कर्ल्यू म्हणतात आणि ते नावही त्याच्या हाकेवरूनच पडलंय. म्हणजे आमच्या पोराने ठेवलेलं नाव काही फार चुकलं नव्हतं. भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. यांच्यात मादीची चोच नरापेक्षा लांब असते, आणि एवढी लांब चोच म्हणजे ही मादीच. तेव्हा कुर्लीवाल्याची कुर्लीवाली झाली.

हे पक्षी उन्हाळ्यात उत्तरेकडे कझाकस्तान, सायबेरियाच्या गवताळ माळांवर अंडी घालतात. तिथे बर्फ पडायच्या आत निघून हजारो किलोमीटर उडत आपल्या किनाऱ्याला येतात. पिल्लं जरा मोठी झाली की आई आधी निघते; ती उडायला लागेपर्यंत त्यांना सांभाळायचं काम बापाकडे. नंतर बाप निघतो, आणि शेवटी पिल्लं, कधीही न पाहिलेल्या वाटेने. हे ऐकून आमच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांची दादी, हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे हिचं घर आपल्या घराच्या उलट. इथे बाप परदेशात आणि आया पोरं सांभाळतायत."

खरंच आहे ते. थोरलीचे मालक, आमचे मोठे भाई, सव्वीस वर्षं कुवेतला होते. धाकटीचे जहाजावर असतात. या गावात असं नसलेलं घर शोधावं लागेल. कोण कधी येणार, किती दिवसांसाठी येणार, हे कॅलेंडरवर लिहून ठेवायची सवय आम्हाला लग्नापासूनच आहे. त्याच कॅलेंडरवर आम्ही कुर्लीवालीही लिहायला लागलो.

आता तुम्ही विचाराल, पक्षी तर सगळे सारखेच. दरवर्षी येणारी तीच कशावरून? कारण तिच्या उजव्या पायाला पुढची बोटं नाहीत. कुठेतरी गळाचा तंगूस अडकून तुटली असावीत. चालताना ती त्या बाजूला जराशी झुकते. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात तशीच झुकत ती पऱ्याच्या कोपऱ्यात उतरली तेव्हा दादींनीच आधी ओळखलं. तिसऱ्या वर्षीही तोच कोपरा. हे पक्षी हिवाळ्याची जागा सहसा बदलत नाहीत, वर्षानुवर्षं त्याच चिखलावर परततात, असं अभ्यासक सांगतात. पायात कडी घातलेले काही कर्ल्यू तीस वर्षांहूनही जास्त जगल्याची नोंद आहे.

पायात कडी घालून पक्षी कुठून कुठे जातो हे बघायचं मोठं काम आपल्या देशात १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सुरू केलं. त्यामागे डॉ. सालिम अली होते. आपल्या घरांत त्यांचं नाव मुलांना सांगितलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं. १८९६ साली मुंबईत जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, असं मामांना विचारलं. मामांना सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याला सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवलं. तिथून सुरू झालेलं काम नव्वदीपर्यंत चाललं. अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो याच आपल्या कोकण किनाऱ्यावर. मुलाने विचारलेला एक प्रश्न मोठ्या माणसाने झटकून टाकला नाही, एवढ्यावरून केवढं घडलं बघा.

आता आमच्या चुकीकडे येतो.

गेल्या वर्षी मोठ्या भाईंनी कळवलं की आता कायमचं परत यायचं. सव्वीस वर्षांत ते घरी पाहुण्यासारखेच आलेले. महिना-दोन महिने, त्यात निम्मे दिवस दावतींचे. आता कायमचे येणार तर त्यांना नीट खोली हवी, या विचाराने आम्ही मे महिन्यात मागची पडवी पाडून नवी खोली बांधायला घेतली. जुने चिरे, फुटकी कौलं, मातीचे ढिगारे अंगणभर झाले. गवंड्याने विचारलं, "हे कुठे टाकू? लांब न्यायचं तर टेम्पोचे पैसे. मागे खाडीत टाकलं तर फुकट, शिवाय गडग्याला भराव होईल." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हो म्हटलं. पावसाच्या आत काम उरकायचं होतं. तीन टेम्पो भरतील एवढं सामान पऱ्याच्या कोपऱ्यात गेलं.

त्या वेळी आम्हाला तिची आठवणही झाली नाही. खरं सांगायचं तर मे महिन्यात तो कोपरा रिकामा असतो, आणि रिकामी जागा डोळ्यांना कुणाचीच वाटत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. फजरची नमाज झाल्यावर चहा घेऊन आम्ही मागे गेलो तर नेहमीची हाक. आनंद झाला. पण पाणी उतरलं तशी ती तिच्या कोपऱ्यात गेली आणि चिऱ्यांवर उभी राहिली. इकडे चोच टेकवली, तिकडे टेकवली. चोच कौलावर आपटल्याचा टक असा बारीक आवाज आम्हाला गडग्यापर्यंत आला. त्या चोचीचं टोक फार नाजूक असतं. चिखलाच्या आत काय हलतंय ते तिला टोकाला कळतं आणि आतल्या आत टोकच उघडून ती भक्ष्य पकडते. अशी चोच दगडावर काय करणार? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती आली नाही.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी पोरांनी तिला पलीकडच्या काठाला पाहिली. तिथे दुसरा एक कर्ल्यू होता. तो तिला थांबू देत नव्हता. ती उतरली की पंख पसरून अंगावर धावून जायचा. हिवाळ्यात काही कर्ल्यू आपापला चिखल असा राखून असतात. आमचा कोपरा हा तिचा चिखल होता आणि त्यावर आमची पडवी पडली होती.

घरात बोलणं झालं. थोरलीचा मुलगा म्हणाला, "एवढी मोठी खाडी आहे, कुठेही खाईल ती." दादी माळ ओढत बसल्या होत्या. म्हणाल्या, "एवढं मोठं जग आहे, तुझ्या बापालाही कुठेही राहता आलं असतं. मग खोली कशाला बांधलीस?" पुढे म्हणाल्या, "वाटेतला दगड उचलावा, हे मदरशात पहिल्याच वर्षी शिकवतात ना? आपण तर टाकलाय."

नंतर आम्ही माहिती काढली तेव्हा कळलं की हा नुसता दयेचा मामला नव्हता, कायद्याचाही होता. भरती-ओहोटीच्या मधली जमीन सीआरझेडच्या सर्वांत कडक पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात येते. आपल्या गडग्यापलीकडे असली तरी ती आपली नसते. तिवरांच्या नाशाला तर २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर मनाई केलेली आहे. सगळेच टाकतात म्हणून आपणही टाकलं, हे उत्तर कुठेच चालण्यासारखं नव्हतं.

मग उपसायचं ठरलं. टाकायला एक दिवस लागला होता, काढायला दोन महिने लागले. मुलांना सुट्टी रविवारी, आणि ओहोटी काही रविवार बघून येत नाही. इथे आम्हाला हिजरी कॅलेंडरचा फार उपयोग झाला, म्हणून ती युक्ती तुम्हालाही सांगतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि चंद्राबरोबर चालते. आमच्याकडे चाँद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती दुपारी जोहरच्या सुमारास आणि ओहोटी फजर-मगरिबच्या सुमारास. चाँदची सातवी-आठवी किंवा बाविसावी-तेविसावी असेल तर भांग. पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि ओहोटी दुपारी येते. आपल्या महिन्याची तारीख चंद्राचीच असल्याने भिंतीकडे बघितलं की खाडीचा अंदाज येतो. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोहोचतं, तेवढा फरक आपापल्या गावाप्रमाणे धरायचा.

उधाणाच्या दिवसांत फजरनंतर दोन तास मिळायचे. थोरलीचा मुलगा, त्याचे मित्र आणि आम्ही दोघी. साड्या खोचून, घमेली घेऊन. चिखल गुडघ्यापर्यंत. चिरा उचलला की त्याच्या जागी खड्डा, आणि खड्ड्यात लगेच पाणी. पावसाने मातीचा लगदा केव्हाच पसरवून टाकला होता. तो काही काढता आला नाही. चिरे मात्र बहुतेक सगळे निघाले. ते धुऊन आम्ही परसात भाजीच्या वाफ्यांना कड लावली. कौलांचा चुरा टेम्पो करून रस्त्याच्या खड्ड्यांसाठी दिला. वाचवायला निघालो होतो तो टेम्पोचा खर्च शेवटी झालाच, वर कंबरदुखी. शेजारच्या खाला गडग्यावरून विचारायच्या, "काय गं, सोनं पुरलंय का?" आम्ही म्हणायचो, "हो, कुर्ल्या आहेत."

जानेवारीत मोठे भाई आले. सामानाचे खोके, मुलांसाठी चॉकलेटं, नव्या खोलीचं कौतुक, सगळं झालं. पण त्यांना झोप लागेना. सव्वीस वर्षांची सवय, एसीचा आवाज नाही, कामावर जायची वेळ नाही. पहाटे उठून ते मागे गडग्यावर बसायला लागले. एके दिवशी पलीकडच्या काठावरून ती हाक आली. भाई म्हणाले, "हा पक्षी मला माहीत आहे."

आम्ही बघतच राहिलो.

म्हणाले, "कुवेतला सुलैबिखातच्या बाजूला समुद्र असाच उथळ, असाच चिखल. कामावर जाता-येता गाडीतून दिसायचे. थंडीत खूप असायचे. मला वाटायचं, तिथलेच आहेत." थोडं थांबून हसले. "आमच्यासारखेच निघाले. हंगामापुरते." सव्वीस वर्षांत त्या रस्त्यावर गाडी थांबवून एकदाही उतरलो नाही, असंही म्हणाले. त्यानंतर भाईंना एक काम मिळालं. रोज फजरनंतर कोपऱ्याकडे बघायचं आणि काय काय आलं ते दादींना सांगायचं. वही घातली, जुनी ऑफिसची सवय. तारीख, ओहोटीची वेळ, तुतवार किती, शेकाटे किती. कुर्लीवालीच्या रकान्यात पलीकडे, पलीकडे, पलीकडे.

अशातच एका गोष्टीने मन धास्तावलं. भाच्याने सांगितलं की कुर्लीवालीचा एक भाऊबंद होता, बारीक चोचीचा कर्ल्यू. सायबेरियात अंडी घालायचा आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या काठाला, मोरोक्कोपर्यंत जायचा. शिकार झाली, पाणथळ जागा गेल्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तो शेवटचा खात्रीने दिसला. माणसं तीस वर्षं शोधत राहिली, आणि २०२५ साली तो जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. आपली कुर्लीवाली ज्या जातीची, तिच्याही नावापुढे आता संकटाच्या जवळ असल्याची खूण आहे. असं काही एका दिवसात होत नसावं. कुठे कुणाची पडवी, कुठे कुणाचा बंगला, कुठे रस्ता, आणि प्रत्येकाला वाटत असणार की एवढी मोठी खाडी आहे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान लागला. सहरी, फजर आणि मग गडगा, असा क्रम बसला. सातव्या-आठव्या रोज्याला भांग असल्याने पहाटे काही दिसेना. पंधराव्या रोज्याच्या सुमारास उधाण आलं, सकाळी पाणी दूर गेलं, आणि भाईंनी खिडकीवर टकटक केली. आम्ही ओढण्या सावरत धावलो.

ती कोपऱ्याच्या कडेला होती. पार आत नाही. जिथे पऱ्याचं पाणी चिखलातून वाट काढतं, तिथे. उजव्या पायावर झुकत दोन पावलं चालली, थांबली, चोच घातली. काढली, रिकामी. पुन्हा घातली. पाचव्या की सहाव्या खेपेला बारीकशी कुर्ली निघाली, बटणाएवढी. झटकली, गिळली. आम्ही कुणीच बोललो नाही. दादींसाठी खुर्ची आणायला गेलेला मुलगा परत येईपर्यंत ती उडून पलीकडे गेली होती. भाईंनी वहीत लिहिलं: कोपरा, दहा मिनिटं.

पुढच्या दिवसांत ती आणखी चार वेळा आली. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. पूर्वीसारखी तासभर काही थांबली नाही. चिखल पुन्हा पहिल्यासारखा व्हायला किती दिवस लागतील कोण जाणे. दगड आम्ही उचलू शकतो. त्यात कुर्ल्या, किडे पुन्हा भरणं आमच्या हातात नाही.

मार्चमध्ये ईद झाली. चाँदची पहिली, म्हणजे ओहोटी फजरलाच. शिरखुर्म्याचं दूध चुलीवर ठेवून आम्ही दोघी पाच मिनिटं मागे गेलो. कोपरा रिकामा, पलीकडचा काठही रिकामा. तुतवार होते, ती नव्हती. निघून गेली असणार. जाताना दिसली नाही, तशी ती दरवर्षीच दिसत नाही. भाई ईदगाहला जायच्या कपड्यांत बाहेर आले, वहीत बघून म्हणाले, "शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची." मग विचारलं, "सप्टेंबरात येते ना?" आम्ही म्हटलं, "इन्शाअल्लाह."

तुमच्या घरामागे खाडी असेल, तलाव असेल किंवा पावसाळी डबकं असेल, तर येत्या हिवाळ्यात बघायला सुरुवात करा. फार काही लागत नाही. पाणी चढायला लागतं तेव्हा पक्षी काठाजवळ येतात, ती वेळ धरा. सूर्य पाठीशी ठेवा, लांब बसा, मुलांना धावू देऊ नका, कुत्रं बांधून ठेवा. तारीख आणि वेळ लिहा. कुणी लंगडा, कुणी कडी घातलेला दिसला तर त्याचं वेगळं लिहा. आणि तंगूसचा तुकडा दिसला तर उचलून घरी आणा, तिथे टाकून देऊ नका.

आणि उन्हाळ्यात घराचं काम काढणार असाल तर राडारोडा कुठे जाणार हे गवंड्याला आधी विचारा. ती जागा तेव्हा रिकामीच दिसेल.

आमच्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादींनी पेन्सिलने एक टिंब काढून ठेवलंय. धाकटीचे मालक जहाजावरून कधी सुटणार ते अजून कळलेलं नाही, म्हणून त्यांचं टिंब बाकी आहे.